जिन्यात धूर असेल तर दार लावा

वाचकाचं पत्र

आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर २२ मजली इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहतो. गेल्या महिन्यात संध्याकाळी नवव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटला आग लागली. घरात मी, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, वॉकर घेऊन चालतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच वेळी ‘खाली पळा’, ‘टेरेसवर जा’, ‘लिफ्ट चालू आहे, लवकर या’ असे मेसेज. आई म्हणाल्या, ‘तू पोरीला घेऊन नीघ, माझं बघू नकोस.’ मी निघाले. अकराव्या मजल्यापर्यंत उतरले, पुढे धुरात काही दिसेना, मुलीला ठसका लागला, म्हणून परत वर आले. जाताना दार उघडंच टाकलं होतं, हॉलभर धूर झाला होता. आम्ही तिघी बेडरूममध्ये दार लावून बसलो. पाऊण तासाने फायर ब्रिगेडचे जवान आले. इमारतीत कुणाला काही झालं नाही. पण मिस्टर म्हणतात, ‘सातव्या मजल्यावरचे सगळे उतरले, तुलाच उतरता आलं नाही?’ आणि मी आईंना सोडून निघाले होते, हे मला स्वतःला खातंय. पुन्हा अशी वेळ आली तर नेमकं काय करायचं? इमारतीला सध्या रंगकामाची परांची आणि जाळी आहे, जिन्यात चपलांचे स्टँड आहेत, टेरेसला कुलूप असतं. सेक्रेटरींना बोलले तर म्हणतात, ‘वहिनी, आग काय रोज लागते का?’
— एक सून, ठाणे

उत्तर

ताई, आधी तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे. सातवा मजला आगीच्या खाली होता आणि तुम्ही आगीच्या पाच मजले वर. धूर वर चढतो. सातव्यावरच्या मंडळींना जिना बहुतेक स्वच्छच मिळाला असेल. तुम्हाला मात्र नवव्याच्या लँडिंगवरून, म्हणजे आगीच्या दारासमोरूनच जावं लागलं असतं. या दोन्हींची तुलनाच होत नाही. अकराव्यावरून मागे फिरलात, हा त्या संध्याकाळी तुमच्या घरात झालेला सगळ्यात शहाणा निर्णय. ‘आता इथवर आलोच आहोत तर’ म्हणून आणखी दोन मजले रेटले असते तर काय झालं असतं, ते मी लिहीत बसत नाही. मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या.

मी उमेदीची बरीच वर्षं अग्निशमन दलात काढली. ‘आगीत होरपळून मृत्यू’ असं पेपरात छापून येतं, पण पुष्कळदा ज्वाळा अंगाशी यायच्या आधीच माणूस धुराने गेलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यात आजकालच्या सोफ्यांचा आणि गाद्यांचा फोम जळला की हायड्रोजन सायनाइडही तयार होतो. माणसाला आधी कळेनासं होतं, मग पाय ऐकत नाहीत. दार दोन हातांवर असतं आणि तो भलतीकडेच वळतो. १९८० साली अमेरिकेत लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलला आग लागली. आग खालच्या मजल्यावर, जुगारघराच्या बाजूला. ८५ माणसं गेली. त्यातली बहुसंख्य आगीजवळ नव्हतीच, वरच्या मजल्यांवर होती. जिने, लिफ्टचे शाफ्ट आणि एसीचे मार्ग यांतून धूर त्यांच्यापर्यंत गेला.

म्हणून उंच इमारतीत राहणाऱ्याने स्वतःला दोनच गोष्टी विचाराव्यात. आग माझ्या घरात आहे की दुसरीकडे? आणि जिन्यात धूर आहे का? बाकी सगळं या दोन उत्तरांवर ठरतं.

आग तुमच्याच घरात असेल तर काही विचार करायचा नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं, लगेच. कपाटातले दागिने, फाइल, पासपोर्ट यांतलं काही नाही. हॉलमधला सोफा पेटला की तीन ते पाच मिनिटांत अख्खी खोली एकदम भडकू शकते. आपल्या आजोबांच्या काळी लाकडी खुर्च्या आणि कापसाच्या गाद्या होत्या, तेव्हा याला बराच जास्त वेळ लागायचा. बाहेर पडताना जळत्या खोलीचं दार ओढून घ्यायचं, आणि मग घराचं मुख्य दारही. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रात मला चुकलेली एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे ते उघडं राहिलेलं दार.

बंद दाराची ताकद लोकांना ठाऊकच नसते. अमेरिकेत संशोधकांनी मुद्दाम घरं पेटवून मोजमाप केलं आहे. एकाच घरात एकाच वेळी उघड्या दाराच्या बेडरूममध्ये तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या पुढे गेलं, आणि बंद दाराच्या बेडरूममध्ये ते चाळिशीच्या आसपास राहिलं. साधं दार, काही खास नाही. दार बंद असलं की आगीला हवा कमी मिळते आणि धुराला वाट मिळत नाही. रात्री झोपताना बेडरूमची दारं ओढून घ्यायची सवय लावा. मुलं लहान असली की आया दार उघडं ठेवतात, ते मी समजू शकतो. मग निदान हॉलमध्ये आणि पॅसेजमध्ये बॅटरीवर चालणारा स्मोक अलार्म बसवा. दारं लावून झोपलेल्या माणसालासुद्धा तो हवाच.

पण आग दुसऱ्याच्या घरात असेल, जशी तुमच्याकडे होती, तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्या मुख्य दाराशी जाणं. हाताची मागची बाजू दाराला आणि कडीला लावून बघा. तळव्यापेक्षा मागच्या बाजूला उष्णता लवकर कळते, आणि भाजलंच तर तळवा कामाला शिल्लक राहतो. गरम लागलं तर उघडू नका. गार असेल तर सेफ्टी डोअर बंदच ठेवून आतलं दार बोटभर उघडा आणि जिन्याकडे बघा. हवा स्वच्छ आहे, आणि आग वाढतेय असं दिसतंय किंवा अलार्म वाजतोय, तर खाली उतरा. धूर दिसला तर दार लावा आणि आत या. खालून येणाऱ्या धुरातून उतरायचं नाही, मग ग्रुपवर कुणी काहीही लिहो.

ग्रुपचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आगीच्या वेळी तो ग्रुप ॲडमिनने सरळ ‘ओन्ली ॲडमिन’ करून टाकावा आणि एकाच माणसाने लिहावं. आठव्या मजल्यावरच्या माणसाला जिना मोकळा दिसतो आणि तो प्रामाणिकपणे ‘खाली पळा’ लिहितो. विसाव्या मजल्यावरचा तो मेसेज वाचून धुरात उतरतो.

लिफ्टबद्दल फार लिहीत नाही. आगीत वीज कधीही जाते, कित्येकदा ती मुद्दामच बंद केली जाते, आणि लिफ्टच्या शाफ्टमध्ये धूर भरतो. फायरमन लिफ्ट आमच्या लोकांसाठी असते, तुमच्यासाठी नाही. टेरेसचं मात्र नीट समजून घ्या, कारण ‘वर मोकळी हवा’ हे पटण्यासारखं वाटतं. जिना म्हणजे इमारतीचं धुराडं. धूर सगळ्यात दाट साचतो तो वरच्या टोकाला, आणि तिथे दाराला कुलूप असलं की माणूस दोन्हीकडून अडकतो. कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरच्या स्टीफन कोर्टला मार्च २०१० मध्ये आग लागली, तेव्हा वर धावलेल्या माणसांना गच्चीचं दार बंद मिळालं. त्या आगीत ४३ जण गेले. तुमच्या टेरेसचं कुलूप निघालं तर चांगलंच आहे, ते निघालंच पाहिजे, पण तुमचा बेत त्या दारावर ठेवू नका.

आता घरात थांबायचं म्हणजे काय करायचं. नुसतं बसून राहायचं नसतं, कामं भरपूर असतात.

मुख्य दाराच्या फटी बंद करा. चादरी, टॉवेल, जुन्या साड्या, सुती असतील त्या भिजवून दाराखाली घट्ट कोंबा. चिकटपट्टी असेल तर बाजूच्या फटींवर लावा. गॅस बंद करा, पाइपचा असेल तर आतला व्हॉल्व्ह फिरवा. एक्झॉस्ट फॅन आणि एसी बंद. मग बाथरूम. आपल्या इमारतींत बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी डक्टमध्ये उघडते. त्याच डक्टमधून पाण्याचे पाइप जातात, कधी केबलीही, आणि धूर तिथून सरळ वर येतो. लोकांना वाटतं, पाणी आहे म्हणजे बाथरूम सुरक्षित. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळच्या कमला मिलमधल्या पबना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. त्यातले कित्येक स्वच्छतागृहात आसऱ्याला गेले होते आणि तिथेच गुदमरले. बाथरूममधून बादल्या भरून घ्या, टॉवेल भिजवून घ्या, बाहेर या, दार लावा आणि त्या दारालाही खालून कापड कोंबा.

मग अशा खोलीत जा जिची खिडकी रस्त्याकडे किंवा आवाराच्या मोकळ्या बाजूला आहे, आणि जी मुख्य दारापासून लांब आहे. मधली सगळी दारं लावत जा. त्या खोलीच्या दारालाही ओलं कापड. खिडकी थोडी उघडा. खालून धूर बाहेरच्या बाजूने वर येत असेल तर लगेच बंद करा. काच फोडू नका, कारण फोडलेली काच पुन्हा लावता येत नाही. खोलीत थोडा धूर असेल तर जमिनीलगत बसा, चांगली हवा खाली असते.

आणि फोन. १०१ किंवा ११२. ‘आग लागलीय, लवकर या’ एवढंच सांगून ठेवू नका. इमारतीचं नाव, विंग, मजला, फ्लॅट नंबर, आत किती माणसं, त्यात चालता न येणारं कोण, आणि तुमची खिडकी कोणत्या बाजूला उघडते, हे सांगा. ‘बी विंग, १४०३, तीन माणसं, एक वयस्कर बाई, एक लहान मूल, गेटच्या बाजूची बेडरूम.’ हे वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवलं तरी हरकत नाही, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा फ्लॅट नंबर आठवत नाही हे मी पाहिलं आहे. खिडकीतून भडक रंगाची ओढणी लोंबकळत सोडा, अंधार असेल तर मोबाइलचा टॉर्च हलवा. एकदा खोली सांगितली की ती बदलू नका. बदललीत तर पुन्हा फोन करून कळवा.

पाऊण तास लागला याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल. जवान आधी आगीशी जातात, कारण ती विझली की वरच्या सगळ्यांचाच धोका कमी होतो, आणि मग एकेक मजला तपासत वर येतात. उंच शिडीवरही फार भरवसा ठेवू नका. मुंबईच्या दलाकडे ९० मीटरपर्यंत पोचणारी शिडी आहे, पण ती उभी करायला सपाट, मोकळी जागा लागते. तुमच्या आवारात गाड्या कशा लावलेल्या असतात ते आठवून बघा.

ओल्या कापडाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्ट २०१८ मध्ये परळला हिंदमाताजवळ क्रिस्टल टॉवरला आग लागली, चार जण गेले. त्याच इमारतीतल्या दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेलं आठवून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सुती कापड ओलं करून नाकातोंडाशी धरायला लावलं, सगळ्यांना शांत ठेवलं. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण ओल्या कापडाने काजळी आणि डोळ्यांना, घशाला झोंबणारे कण अडतात, कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. थांबलेल्या जागी ते उपयोगी आहे. ते तोंडाला बांधून पाच मजले धुरातून उतरता येतं असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

आता आईंचं. तुम्हाला हेच जास्त लागलंय, मला कळतं. आईंनी ‘पोरीला घेऊन नीघ’ म्हटलं, तुम्ही निघालात. त्या क्षणी कुठल्याही आईने आणि आजीने हेच केलं असतं. मन खाऊ देऊ नका. पण यापुढे हा प्रश्न आगीच्या वेळी सोडवायचा नाही, आत्ताच सोडवून ठेवायचा. आग दुसरीकडे असेल आणि जिन्यात धूर असेल तर तिघीही घरातच थांबणार, मग सोडून जायचा प्रश्नच उरत नाही. जिना स्वच्छ असेल आणि उतरायचं ठरलं, तर आईंना खुर्चीवरून न्यायचं. हात असलेली मजबूत, हलकी खुर्ची, एक माणूस पाठीच्या बाजूला वर, एक पायांच्या बाजूला खाली, आणि आईंना ओढणीने खुर्चीला बांधायचं. चौदा मजले हे दोन माणसांच्या आवाक्यातलं काम नाही. तेवढं उतरायची गरजही नसते. उंच इमारतींत २४ मीटरच्या वर आणि मग साधारण दर १५ मीटरवर रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्याला थांबायची मोकळी राखीव जागा, असावा असा राष्ट्रीय बांधकाम संहितेचा दंडक आहे. तुमच्या विंगमध्ये तो कोणत्या मजल्यावर आहे हे आज जाऊन पाहून या. जिना स्वच्छ असताना तिथपर्यंत दोन-चार मजले नेणं जमतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या कॉलेजच्या मुलाला आणि वरच्या मजल्यावरच्या कुणा धडधाकट माणसाला आधीच विचारून ठेवा, ‘वेळ आली तर आईंच्या खुर्चीला हात लावाल का?’ नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही, पण न विचारता आपणहून आलेलेही कमीच. आणि आग स्वतःच्याच घरात असेल तर खुर्ची शोधत बसायचं नाही. आईंना चादरीवर आडवं करून डोक्याकडून ओढत लँडिंगवर आणायचं. एकटी बाईसुद्धा असं ओढू शकते. एकदा आईंना हसवत हसवत करून बघा, फरशीवर चादर चांगली सरकते.

मिस्टर त्या संध्याकाळी ऑफिसात असतील, असं पत्रावरून वाटतं. पुढच्या वेळी ते खाली पोचले तर त्यांनी जिन्याने वर धावायचं नाही. गेटवर जो अधिकारी दिसेल त्याला गाठून ‘१४०३ मध्ये माझी तीन माणसं आहेत, गेटच्या बाजूच्या बेडरूममध्ये’ असं सांगायचं आणि तिथेच उभं राहायचं. वर धावलेला नवरा म्हणजे आमच्यासाठी शोधायचा आणखी एक माणूस.

‘घरात थांबा’ या सल्ल्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तुमच्या इमारतीला आत्ता तो लागू होतो म्हणून लांबवून सांगतो. घरात थांबणं सुरक्षित असतं ते आग ज्या फ्लॅटमध्ये लागली तिथेच अडून राहते या भरवशावर. काँक्रीटची भिंत आणि स्लॅब ते काम बऱ्यापैकी करतात. पण आग बाहेरच्या अंगाने चढायला लागली की हा भरवसा संपतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजपासून आग सुरू झाली. इमारतीला बाहेरून प्लास्टिकचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे लावलेले होते. आग त्यावरून थेट माथ्यापर्यंत गेली, आणि तरी रहिवाशांना घरातच थांबा म्हणून सांगितलं जात होतं. तो सल्ला मागे घ्यायला जवळपास दोन तास गेले. ७२ माणसं मेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये हाँगकाँगच्या ताइ पो भागात वांग फुक कोर्ट या वसाहतीत दुरुस्तीसाठी बांबूची परांची, त्यावर जाळी, आणि खिडक्यांवर फोमचे तक्ते लावले होते. आग एका इमारतीवरून दुसरीवर गेली. दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

तुमच्या इमारतीवर परांची आणि जाळी आहे तोवर नियम जरा वेगळा धरा. जाळीने पेट घेतलेला दिसला, बाहेरून ज्वाळा वर येताना दिसल्या, आणि जिना अजून स्वच्छ आहे, तर वाट बघू नका, लवकर निघा, आईंना रेफ्यूजपर्यंत तरी न्या. वेळच नसेल, जिना भरला असेल, तर परांचीच्या विरुद्ध बाजूची खोली धरा. कॉन्ट्रॅक्टरला मात्र आजच विचारा, जाळी आग न पकडणारी आहे का, आणि तसं लेखी आणा. परांचीवर थिनरचे डबे रात्री ठेवायचे नाहीत, कामगारांनी वर बिडी ओढायची नाही, स्वयंपाक करायचा नाही. रंगकाम लवकर आटोपावं म्हणून सगळे डोळेझाक करतात.

बाहेर पडायचं ठरलं तर दोन-तीन बारीक गोष्टी. किल्ली बरोबर घ्या. आपल्या दारांना नाइट लॅच असतो, ओढलं की दार लागतं. खाली धूर लागून परत फिरलात आणि किल्ली आत राहिली तर तुम्ही लँडिंगवरच अडकलात. हूकला किल्ली लावलेली असेल तर मुलीलाही ती जागा दाखवून ठेवा. चप्पल घाला, जिन्यात काचा असू शकतात. नायलॉनचा गाऊन अंगात असेल तर वरून सुती चादर घ्या. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हाताने मुलीचं मनगट, बोटं नाही, बोटं निसटतात.

मुलीशी एकदा बोला. लहान मुलं आगीला घाबरली की पलंगाखाली आणि कपाटात लपतात, आणि हाक मारली तरी ओ देत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपल्यावर कुणी रागावेल. आमचा जवान मास्क आणि सिलिंडर लावून आत आला की त्याचा श्वास मोठ्याने घरघरतो, चेहरा दिसत नाही. मुलं त्याच्यापासूनच पळतात. तिला फोटो दाखवा आणि सांगा, ‘हे काका दिसले की इथे आहे म्हणून ओरडायचं.’

खिडक्यांचे ग्रिल बघा. ठाण्या-मुंबईत चोरांच्या आणि पोरांच्या भीतीने सगळ्या खिडक्यांना बाहेर काढलेले बॉक्स ग्रिल असतात, त्यात कुंड्या, त्यात सायकल. चौदाव्या मजल्यावर चोर कुठून येणार आहे देव जाणे. ज्या खोलीत थांबायचं ठरवलंय, तिथल्या ग्रिलला आतून उघडणारी झडप करून घ्या, कडी मोठ्यांच्या हाताला येईल पण मुलीच्या येणार नाही इतक्या उंचीवर. फॅब्रिकेटर ते सहज करून देतो. आणि उडी हा पर्याय डोक्यातून काढून टाका. मे २०१९ मध्ये सुरतला तक्षशिला आर्केडमधल्या क्लासला आग लागली, वरच्या मजल्यावरून पोरांनी उड्या टाकल्या. २२ विद्यार्थी गेले, काही गुदमरून, काही उडी मारून.

राहिले तुमचे सेक्रेटरी. ‘आग काय रोज लागते का’ याला तोंडी उत्तर देऊ नका, लेखी द्या. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा वापर करणाऱ्यांची, म्हणजे इथे सोसायटीची, जबाबदारी आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. त्याची गेल्या वेळची प्रत मागा. तुमच्याकडे आग लागून गेलेली आहे, त्यामुळे ‘बघू पुढच्या मीटिंगला’ हे आता चालणार नाही. प्रत मिळाली तरी समाधान मानू नका, कागद छान असतात. स्वतः एकदा फिरून बघा. होज बॉक्समध्ये पितळी नोझल आहे की भंगारवाल्याकडे गेलं? पंप ऑटोवर आहे, की आवाज होतो म्हणून कुणी मॅन्युअलवर करून ठेवलाय? रात्रपाळीच्या वॉचमनला पंपरूमची किल्ली कुठे असते ते माहीत आहे का? रेफ्यूज एरियात गणपतीचं मखर, प्लायवूड आणि मोडके पलंग किती आहेत?

जिन्याची फायर डोअर तर सगळ्यात आधी बघा. वारा यावा म्हणून ती विटेने किंवा कुंडीने उघडी ठेवलेली असतात. तुमच्या जिन्यात एवढा धूर का भरला, याचं उत्तर मला नवव्या मजल्यावरच्या त्या कुंडीत मिळेल असं वाटतं. ते दार आपोआप लागायला हवं, तर धूर त्या मजल्यापुरताच बराचसा अडतो. चपलांच्या स्टँडबद्दल भांडण होणार, ते मला ठाऊक आहे, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचाच स्टँड अडचणीचा वाटतो. सुरुवात आपल्या मजल्यावरून करा. जिन्यात ई-स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावणारा कुणी असेल तर मात्र भिडस्तपणा नको, ती तिथून त्याच दिवशी हलली पाहिजे.

१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली १४ एप्रिलला मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, आमच्या दलाचे ६६ जण त्यात गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात अनेक ठिकाणी सोसायट्यांमध्ये प्रात्यक्षिकं होतात. सोसायटीच्या लेटरहेडवर महापालिकेच्या अग्निशमन विभागाला आत्ताच पत्र द्या. त्यात चालता न येणाऱ्या रहिवाशांची मजल्यानुसार यादी जोडा, आणि तीच यादी वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. सेक्रेटरी सही करायला टाळाटाळ करत असतील तर विंगमधल्या दहा घरांच्या सह्या घेऊन तुम्ही स्वतः अर्ज नेऊन द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.